‘अलाइन होऊन ईओडीपर्यंत टाक’: ऑफिसची बोली नव्यानं ऐकणाऱ्यांसाठी

हिंजवडी, खराडी, ऐरोली, बीकेसी, कुठल्याही ऑफिसात पहिल्या आठवड्यात असं एखादं वाक्य कानावर पडतंच: “बँडविड्थ असेल तर हे उचल, स्टेकहोल्डर्सशी अलाइन हो, ईओडीपर्यंत एक हाय-लेव्हल व्ह्यू शेअर कर, डिटेल्स आपण ऑफलाइन घेऊ.” एवढं बोलून सांगणारा लॅपटॉप उचलून पुढच्या मीटिंगला निघूनही गेलेला असतो.

नव्या माणसाला वाटतं, आपलंच इंग्रजी कच्चं. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर हे हमखास वाटतं आणि मग ते रात्री घरी बसून शब्दांच्या याद्या पाठ करतात. तो वेळ वाया जातो. वरच्या वाक्यातला एकही शब्द अवघड नाही. गोची वेगळीच आहे: काय करायचं, कोणाशी बोलायचं आणि किती वाजेपर्यंत द्यायचं, हे तिन्ही त्यात सांगितलेलंच नाही. ते सांगणाऱ्याकडूनच काढून घ्यावं लागतं. कसं, ते पुढे.

पायरी १: शब्दांचे तीन ढीग करा

ऑफिसात ऐकू येणारा प्रत्येक भारी शब्द वायफळ नसतो. काही शब्द धंद्याचे असतात. ‘यूएटी’ म्हणजे ग्राहकाच्या माणसांनी स्वतः वापरून करायची चाचणी. ती पास झाल्याशिवाय माल स्वीकारला जात नाही. ‘एसएलए’ म्हणजे करारात लिहून दिलेली सेवेची पातळी, उदाहरणार्थ तक्रारीला किती वेळात उत्तर द्यायचं. ती मोडली तर अनेक करारांत दंडाचं कलम असतं. ‘बिलेबल’ म्हणजे ज्या तासांचे पैसे ग्राहकाकडून वसूल होतात ते काम. ‘स्प्रिंट’ म्हणजे ठरलेल्या मुदतीचा कामाचा टप्पा, बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांचा, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त एक महिन्याचा. हे शब्द नीट शिका, तेही आपल्या प्रोजेक्टच्या कागदांतून. ‘पी-वन’, म्हणजे सगळ्यात तातडीची, तक्रार कशाला म्हणायचं, याची व्याख्या दर करारात वेगळी असते आणि इंटरनेटवर वाचलेली व्याख्या रात्री दोन वाजता उपयोगी पडत नाही.

दुसरा ढीग भरतीचा, म्हणजे नुसती जागा भरणाऱ्या शब्दांचा: सिनर्जी, लीव्हरेज, होलिस्टिक, गेम-चेंजर, मूव्ह द नीडल. तिसरा ढीग पडद्याचा: कटू निर्णय झाकायला वापरले जाणारे शब्द. राइटसायझिंग, रीस्ट्रक्चरिंग, ऑप्टिमायझेशन, ‘हे सध्या पार्क करू’.

शब्द कोणत्या ढिगातला हे ओळखायला तो वाक्यातून काढून पाहा. काम चुकत असेल तर तो धंद्याचा. काहीच फरक पडत नसेल तर भरतीचा. आणि त्याजागी साधा शब्द घातल्यावर वाक्य अंगावर येत असेल, ‘माणसं कमी करणार आहोत’ असं काहीतरी, तर तो पडद्याचा.

एकच शब्द दोन ढिगांत असू शकतो, आणि सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. ‘अजाइल’ घ्या. २००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड या ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी सॉफ्टवेअर कसं बनवावं याचा एक छोटा जाहीरनामा लिहिला, तिथून हा शब्द रुळला. त्याला नेमका अर्थ आहे. पण मीटिंगमध्ये कोणी “जरा अजाइल राहा” म्हणालं, तर बहुतेकदा योजना ठरलेली नसते आणि सांगू तसं करत राहायचं असतं. ‘ओनरशिप’चंही तेच. एखाद्या मॉड्यूलचा ओनर कोण हे कागदावर लिहिलेलं असतं, ते खरं. “थोडी ओनरशिप घे” यात मात्र जबाबदारी तुमच्याकडे येते, अधिकार येत नाहीत. अशा वेळी विचारून घ्या: निर्णय मी घेऊ शकतो का, की दरवेळी तुम्हाला विचारायचं?

पायरी २: वहीत दोन बाजू आखा

मीटिंगला जाताना साधी वही न्या. लॅपटॉप उघडला की निम्मं लक्ष चॅटवर जातं. पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ऐकलं ते जसंच्या तसं लिहा, अर्थ लावायच्या भानगडीत पडू नका. उजवीकडे चार ओळी: काय, कोण, कधी, कशात. शेवटच्या ‘कशात’कडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग तीन तास खपून केलेली एक्सेल फाइल बघून समोरचा म्हणतो, “मला फक्त एक स्लाइड हवी होती.”

सुरुवातीचंच वाक्य या चौकटीत घालून बघू. काय? ‘हाय-लेव्हल व्ह्यू’: म्हणजे आढावा, पण कशाचा? रिकामं. कोण? ‘स्टेकहोल्डर्स’: म्हणजे या कामाशी संबंध असलेले लोक, पण नावं नाहीत, रिकामं. कधी? ‘ईओडी’: म्हणजे ‘एंड ऑफ डे’, पण कोणाच्या दिवसाचा शेवट? अर्धं रिकामं. कशात? रिकामं. ‘बँडविड्थ’ आणि ‘अलाइन’ उजवीकडे आलेच नाहीत, कारण ‘बँडविड्थ आहे का’ म्हणजे ‘वेळ आहे का’, आणि तेही विचारलेलं नाही, गृहीत धरलंय. ‘अलाइन हो’ म्हणजे बोलून एकमत कर, पण कशावर ते सांगितलेलं नाही. ‘ऑफलाइन घेऊ’ म्हणजे आता सगळ्यांसमोर नको. यातून दुसरी मीटिंग होईलच असं नाही, त्यामुळे ती तुम्हीच मागायची.

रिकाम्या जागा कळल्या की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे त्या भरून घेणं, आणि इथे नवे लोक एक चूक करतात: मोघम सूचनेला मोघम प्रश्न विचारतात. “कॅन यू प्लीज क्लॅरिफाय?” याचं उत्तर तेच वाक्य पुन्हा, जरा हळू आवाजात, एवढंच मिळतं. त्यापेक्षा आपला अंदाज विधान म्हणून लिहून पाठवा. मीटिंग संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत, चॅटवर, चार ओळींत:

“मी असं समजलोय: फक्त पेमेंट मॉड्यूलचा आढावा, एका पानात. फायनान्स आणि टेस्टिंग टीमच्या लीडना विचारून. आज संध्याकाळी ६ पर्यंत तुला मेलवर. यात बदल असेल तर ४ च्या आत सांग, नाहीतर असंच करतो.”

ऑफिसची लेखी भाषा इंग्रजी असेल तर इंग्रजीत लिहा, रचना हीच ठेवा. प्रश्नाचं उत्तर द्यायला माणूस आळस करतो. समोरचं चुकीचं विधान दुरुस्त करायला मात्र लगेच सरसावतो. आणि नाही केलं दुरुस्त, तरी उद्या “मी असं म्हणालोच नव्हतो” होऊ लागलं की हा निरोप तुमच्याकडे असतो. संबोधन ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे ठेवा. आयटीत मॅनेजरलाही नावानं हाक मारतात, तिथे ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिलं तर लोक हसतात. चाकण-भोसरीच्या बऱ्याच कारखान्यांत अजून ‘सर’ आणि ‘साहेब’च चालतं, तिथे नुसतं नाव उद्धट वाटेल.

पायरी ३: वेळेचे शब्द घड्याळात आणा

सगळ्यात जास्त नुकसान या शब्दांनी होतं, म्हणून इथे कंटाळा न करता आकडे बघा.

ग्राहक न्यूयॉर्कचा असेल आणि त्यानं ‘ईओडी’ लिहिलं, तर त्याचे संध्याकाळचे ५ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे २.३०, हिवाळ्यात ३.३०, तेही दुसऱ्या तारखेला. लंडनचे ५ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे ९.३०, हिवाळ्यात १०.३०. कॅलिफोर्नियाचे ५ म्हणजे आपली दुसरी सकाळ, ५.३० किंवा ६.३०. पुण्यातल्या मॅनेजरचा ईओडी मात्र ‘मी बस पकडायच्या आधी’ असू शकतो. एकाच मेलमध्ये तिघेही असतील, तर एकच शब्द आणि तीन मुदती.

त्यात घड्याळ बदलण्याचा घोळ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटन आणि युरोपात हे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. म्हणजे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावरचा आठवडा दोघांमधलं अंतरच बदललेलं असतं. पुणे, लंडन आणि न्यूयॉर्क यांचा एकत्र कॉल याच दिवसांत चुकतो. कॅलेंडरचं निमंत्रण पाठवताना टाइम झोन तपासा आणि मेलमध्ये वेळ लिहिताना पुढे ‘आयएसटी’ लिहाच.

तारखाही फसव्या. ०३/०४ हे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. महिना अक्षरांत लिहा, विषय संपतो. ‘बाय-वीकली’ काही जण आठवड्यातून दोनदा या अर्थानं वापरतात, काही दोन आठवड्यांतून एकदा. ऐकलं की लगेच वार विचारून घ्या. ‘क्यू-वन’, म्हणजे वर्षाची पहिली तिमाही, भारतीय आर्थिक वर्षात एप्रिल ते जून, पण कॅलेंडर वर्षानं चालणाऱ्या कंपनीत जानेवारी ते मार्च. काही मोठ्या कंपन्यांचं वर्ष तिसऱ्याच महिन्यात सुरू होतं: मायक्रोसॉफ्टचं जुलैत, ॲक्सेंचरचं सप्टेंबरमध्ये.

‘एएसएपी’ला (जमेल तितक्या लवकर) तर वेळच नसते. असे चार निरोप एकदम आले की क्रम आपल्या मनानं लावू नका. चारही कामं एकाखाली एक लिहून मॅनेजरला पाठवा: “या क्रमानं घेतोय, चौथं उद्या दुपारी होईल.” ‘सर्कल बॅक करू’ला, म्हणजे ‘यावर नंतर पुन्हा बोलू’ला, उत्तर: “गुरुवारी ११ ला निमंत्रण टाकतो.” टाकलं नाही तर कोणीही सर्कल बॅक करत नाही.

पायरी ४: परदेशी माणसाला लिहिताना हे चार-पाच शब्द टाळा

आपल्या ऑफिसांत ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या. अमेरिकेतल्या प्रोग्रामरसाठी रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणं; कोडच्या संदर्भात हे लिहिलंत तर तो खरोखर तुमचा बदल काढून टाकू शकतो. ‘आय हॅव अ डाउट’ आपल्याला साधी शंका वाटते, त्यांना अविश्वास वाटतो. तिथे ‘क्वेश्चन’ लिहा. ‘प्रीपोन’ आपल्याकडे सर्रास चालतो, बाहेर बऱ्याच जणांना कळत नाही. ‘मूव्ह अर्लियर’ म्हणा आणि नवी वेळ द्या. ‘डू द नीडफुल’मध्ये नीडफुल काय, ते सांगितलेलंच नसतं. आणि एक गोऱ्यांमधलाच घोळ: एखादा विषय ‘टेबल करू’ म्हणजे ब्रिटिश माणसासाठी चर्चेला घेऊ, अमेरिकनासाठी बाजूला ठेवू. दोघंही कॉलवर असतील तर हा शब्द तुम्ही तरी काढू नका.

आपली मराठी कचेरीही यातून सुटलेली नाही, बरं का. ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शेरा मारून फाइल पुढच्या टेबलावर ढकलली जाते, त्यातही काय, कोण आणि कधी तिन्ही गायबच असतात. तेव्हा इंग्रजी शब्द हटवून जागी मराठी बसवल्यानं हा रोग बरा होईल या भ्रमात राहू नका.

पायरी ५: पैशांचे शब्द सही करण्याआधी फोडा

‘सीटीसी’ ६ लाख म्हणजे महिन्याला ५० हजार, हा हिशेब जवळपास प्रत्येक फ्रेशर करतो आणि त्यावर फ्लॅटचं भाडं ठरवतो. सीटीसी हा कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. हातात येणारी रक्कम वेगळी. एक नमुना घेऊ. मूळ वेतन निम्मं, म्हणजे ३ लाख. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के: ३६,०००. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के: १४,४३०. ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, एकूण पॅकेजच्या १० टक्के धरू: ६०,०००. विम्याचा हप्ता समजा १०,०००. हे सगळं वजा केलं की ४,७९,५७० उरतात, महिन्याला ३९,९६४. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ३,००० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात सुमारे ३६,७५०. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापतात, तिथे कपात १,८०० होते आणि हातात थोडं जास्त येतं.

ऑफर लेटर आलं की एचआरला लेखी विचारा: मासिक इन-हँड किती? व्हेरिएबल वर्षातून कितीदा मिळतं आणि गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष किती टक्के दिलं? जॉइनिंग बोनस किती महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर परत घेणार? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पण ते कलम लेटरमध्ये असतंच, तुम्ही फक्त ते आधी वाचताय.

पायरी ६: पडद्याचे शब्द आले की कागद मागा

‘बेंच’वर असणं म्हणजे प्रोजेक्ट नसणं. पगार चालू असतो, पण किती दिवस चालवायचं याचं धोरण दर कंपनीचं वेगळं. ते पहिल्याच दिवशी वाचा आणि तारीख मांडून ठेवा. ‘पीआयपी’ म्हणजे कामगिरी सुधारण्याची योजना, सहसा ३०, ६० किंवा ९० दिवसांची. तिच्यात ‘बेटर ॲटिट्यूड’, ‘मोअर प्रोॲक्टिव्ह’ असली उद्दिष्टं असतील तर ती पूर्ण झाली हे सिद्धच करता येत नाही. सही करण्याआधी मोजता येतील अशी उद्दिष्टं मागा: आठवड्याला किती तिकिटं (नोंदवलेली कामं किंवा तक्रारी) निकाली काढायची, किती चुकांच्या आत. दर आठवड्याला आढावा मागा आणि बोलणं झालं की त्याच दिवशी त्याचा गोषवारा मेल करा.

‘रीस्ट्रक्चरिंग’ म्हणत खोलीत बोलावून राजीनामा ‘व्हॉलंटरी’ द्यायला सांगितला, तर तिथल्या तिथे सही करू नका. एकदा राजीनामा दिला की कागदोपत्री तुम्ही आपणहून गेलात. कागद वाचायला वेळ मागा, प्रत मागा, आणि नोटीस काळाचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, रिलीव्हिंग लेटर या तिन्हींबद्दल लेखी उत्तर घ्या. गरज पडली तर कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला आधी दाखवा.

प्रोजेक्टच्या अहवालातले लाल-पिवळा-हिरवा हेही पडद्याचं काम करतात. बाहेरून हिरवं आणि आतून लाल अशा प्रोजेक्टला आयटीवाले ‘वॉटरमेलन’ म्हणतात. नव्या प्रोजेक्टवर गेलात आणि सगळं हिरवं दिसलं तर तीन गोष्टी बघा: उघड्या तक्रारी किती, ठरवलेल्या कामांपैकी संपली किती, आणि डिलिव्हरीची तारीख आजवर कितीदा सरकली. तारीख दोनदा सरकली आणि रंग हिरवाच राहिला, तर समजून जा. तुमच्याकडे स्टेटस मागितलं तर रंगाखाली तीन ओळी लिहा: काय झालं, काय अडलंय आणि कोणाकडे, पुढची तारीख कोणती.

पायरी ७: आपला मेल पाठवण्याआधी चाळा

सहा महिन्यांत हे शब्द आपल्याही बोटांना लागतात. मेल लिहून झाला की पहिल्या पायरीतली परीक्षा त्यावर घ्या. “जस्ट टचिंग बेस टु चेक इफ वी कॅन सिंक अप ऑन द अपडेटेड डॉक्युमेंट अँड टेक इट फॉरवर्ड” हा मेल वाचून समोरच्यानं काय करायचं? काहीच नाही, म्हणून तो काहीच करत नाही. विषयाच्या ओळीतच काम आणि मुदत टाका: “डिझाइन फाइल: १८ जूनपर्यंत मंजुरी हवी”. मजकुरात फाइल कोणती, कोणत्या पानावरचे दोन मुद्दे अडलेत, आणि मंजुरी उशिरा आली तर काय थांबेल. ‘एफवायआय’ लिहून नुसती पुढे ढकललेली वीस मेलची साखळी कोणी वाचत नाही. वाचायला हवा तो परिच्छेद वर चिकटवा.

बोलताना मात्र शुद्धीकरणाची मोहीम काढू नका. मॅनेजर ‘सिनर्जी’ म्हणाला म्हणून मीटिंगमध्ये भुवई उंचावणारा, चॅटवर शब्दांचा बिंगो खेळणारा नवा माणूस लवकर नजरेत येतो, आणि भलत्या कारणासाठी. मुदतीचे आणि कामाचे खुलासे आपल्या मॅनेजरकडे मागा, ग्राहकासमोर “म्हणजे नक्की काय?” विचारून त्याची पंचाईत करू नका. कॉल संपल्यावर वहीतल्या चार ओळी पाठवा, तेवढ्यानं भागतं.

एका ठिकाणी मात्र ही बोली मुद्दाम वापरायची: अप्रेझलच्या फॉर्मवर. तुमचं मूल्यांकन करणाऱ्यांत तुमचं काम न पाहिलेली माणसंही असतात आणि ती तुमच्या ‘केआरए’तलेच, म्हणजे ठरवून दिलेल्या जबाबदाऱ्यांच्या यादीतलेच, शब्द शोधत असतात. केआरएत ‘प्रोसेस एफिशियन्सी’ लिहिलं असेल तर तोच शब्द उचला आणि त्याच वाक्यात आकडा जोडा: महिन्याचा अहवाल तयार व्हायला आधी २ दिवस लागायचे, मार्चपासून ३ तास लागतात. फॉर्मच्या चौकटीला अक्षरांची मर्यादा असते, तेव्हा आकडा पहिल्या ओळीत हवा. असे आकडे ऐन वेळी आठवत नाहीत. त्यासाठी दर शुक्रवारी निघण्याआधी एका फाइलमध्ये आठवड्यातल्या दोन-तीन कामांची तारखेसह नोंद करा, आणि त्या फाइलमध्ये ग्राहकाची गोपनीय माहिती येणार नाही एवढं बघा.